८०८५ किटसाठी घरी पाडलेली कागदी फीत: कामाची नोंद आणि एक अडलेली गोष्ट

पंचाऐंशी
रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मजकूर लांबलाय, फुरसतीने वाचा.

मागच्या दिवाळीत एका कॉलेजच्या लॅबमधून भंगारात निघालेलं ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं शिकवणीचं किट हाती लागलं. इंजिनिअरिंगला मायक्रोप्रोसेसर विषय केलेल्यांच्या डोळ्यांसमोर ते लगेच उभं राहील. पेटीत बसवलेला बोर्ड, सहा लाल आकड्यांचा डिस्प्ले, हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ) कीपॅड, आणि ८२५५ या चिपचे पोर्ट (सिग्नल आत-बाहेर न्यायच्या वाटा) बाहेर काढणारे एफआरसी केबलचे कनेक्टर. एकेक बाइट हाताने टाकायचा, पत्ता पुढे सरकवायचा, पुढचा बाइट टाकायचा. आणि लाइट गेली की सगळं पुसलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत चाळीस बाइट टाकून झाल्यावर पंखा थांबलेला ज्याने ऐकलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

तर या किटला त्याच्या काळाला शोभेल असं साठवणीचं साधन, म्हणजे भोकांच्या रूपात बाइट साठवणारी कागदी फीत, द्यायचं, आणि ते घरी बनवायचं, असं ठरवलं. १९७५ साली अल्टेअर ८८०० या संगणकासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी लिहिलेलं बेसिक (प्रोग्रामिंगची भाषा) लोकांच्या हातात कागदी फितीवरूनच पडलं होतं. ८०८५ बाजारात आला १९७६ मध्ये. म्हणजे सोयरीक अगदी बरोबर जुळते.

आठ ट्रॅकची, म्हणजे एका ओळीत आठ भोकांच्या जागा असलेली, फीत एक इंच रुंद असते. एक ओळ म्हणजे एक बाइट. भोकांमधलं अंतर आडवं आणि उभं, दोन्हीकडे ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिमी. डेटाचं भोक साधारण १.८३ मिमी, आणि फीत ओढायला जे बारीक भोक असतं ते, म्हणजे स्प्रॉकेटचं, साधारण १.१७ मिमी. ते तिसऱ्या आणि चौथ्या ट्रॅकच्या मध्ये येतं. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला पाच. त्यामुळे फीत उलटी धरली तर लगेच लक्षात येतं. एका इंचात दहा बाइट, एका फुटात १२०.

हे आकडे वाचले आणि मी उठून ड्रॉवरमधला झिरो बोर्ड, म्हणजे सर्किट जोडायचा भोकाभोकांचा बोर्ड, काढला. त्याची भोकं नेमकी २.५४ मिमीवर! नऊ भोकांची एक ओळ कापली की झाला पंचाचा साचा.

पंच असा केला. ३ मिमी जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर घट्ट आवळल्या, वर झिरो बोर्डची पट्टी चिकटवली, आणि तिन्ही थरांना एकदमच भोकं पाडली. आधी १ मिमीने, मग डेटासाठी १.८ आणि मधल्यासाठी १.२. दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी भोकं पाडली की वरचं भोक खालच्यावर केसभरही सरकत नाही. पिना म्हणून त्याच मापाची दुसरी ड्रिल बिट्स उलटी वापरली. त्यांचा गुळगुळीत दांडा भोकात सुळकन उतरतो. पट्ट्यांमध्ये दोन्ही कडांना पातळ पत्रा घातला, त्या फटीतून फीत सरकते. जिथे भोकं पाडतो त्याच्या एक घर पुढे सुई बसवलीय. आधीच्या ओळीचं स्प्रॉकेटचं भोक त्या सुईत अडकवलं की पुढची ओळ आपोआप २.५४ वर येते. मिनिटाला तीन ओळी होतात. टिकल्या एका बशीत जमा होतात, मुलगी त्या रांगोळीत वापरते.

वाचक: झिरो बोर्डवर नऊ फोटोट्रान्झिस्टर, वर काळ्या कागदाचा बारीक भोकांचा मुखवटा, त्याच्या वर लाल एलईडींची रांग. ३ मिमीचे गोल फोटोट्रान्झिस्टर २.५४ वर शेजारीशेजारी मावत नाहीत. यात माझा आठवडा गेला. शेवटी छोटे एसएमडी (बोर्डावर सपाट बसणारे) आणले पुण्याच्या तपकीर गल्लीतून. आठ डेटा लाइन पोर्ट ए ला, स्प्रॉकेटची लाइन पोर्ट सी च्या एका बिटाला. फीत हाताने ओढायची.

आता अडलेली गोष्ट. पहिला प्रोग्राम चौदा बाइटचा आहे. पोर्ट बी वरच्या आठ दिव्यांवर मोजणी दाखवायची, एवढंच काम. कीपॅडवरून टाकला तर दिवे मस्त पळतात. फितीवरून वाचला तर किट गोठतं, आठही दिवे बंद. मेमरी तपासली तर फितीवर जे आहे तेच उतरलंय, वाचकाची चूक दिसत नाही. खाली फितीचं चित्र देतो, ● म्हणजे भोक, मधला ठिपका स्प्रॉकेट, डावीकडे आठवा ट्रॅक:

○○●●●·●●○
○○○○○·○○○
●●○●○·○●●
○○○○○·○○●
○○●●●·●○○
○○○○●·●●○
●●●●●·●●●
○○○○●·●○●
●●○○○·○●●
○○○○○·●●●
●●○○○·○○○
●●○○○·○●●
○○○○○·○●○
●●○○○·○○○

दोन रात्री बघतोय. कुणाला काही दिसतंय का?

शून्य_एक
रविवार, सकाळी १०:१५

मेहनतीला सलाम. पण एक प्रामाणिक प्रश्न. दीडशे रुपयांच्या मॉड्यूलवर एसडी कार्ड लागतं, त्यात अशी किटं लाखोंनी मावतील. कागदच का?

पंचाऐंशी
रविवार, सकाळी १०:५०

प्रश्न रास्त आहे. एसडी कार्डाच्या आत स्वतःचा कंट्रोलर असतो, आणि तो माझ्या ८०८५ पेक्षा कितीतरी हुशार असतो. म्हणजे किट त्याच्यापुढे पाहुणा. फितीच्या बाबतीत सगळा कारभार किटच करतं: भोक आलं का बघणं, बाइट उचलणं, मेमरीत ठेवणं. माझ्या वाचकाचा प्रोग्राम पन्नासेक बाइटचा आहे, त्यातला प्रत्येक बाइट मला पाठ आहे. मला हे पूर्ण समजून घ्यायचंय, टोकापासून टोकापर्यंत. माझ्या मुलीला मी फितीवर बोट ठेवून सांगू शकतो की हा बघ, हा आकडा इथे आहे.

सोलापुरी_माग
रविवार, दुपारी १२:३०

पंचाऐंशी, धागा वाचून वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांची सगळी हयात चादरीच्या जकार्डवर गेली. चादरीवरचं नक्षीकाम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडूनच ठरतं. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. कार्डं दोऱ्याने गुंफून त्यांची माळ करतात. जॅकार्डने हा माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आणला, म्हणजे तुमच्या फितीची ही पणजीच.

वडिलांचे दोन प्रश्न आहेत. कागद कोणता वापरलात? आणि कागद कोणत्या अंगाने कापलात?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. प्रत्येक कागदाला एक अंग असतं, तंतू एका दिशेने झोपलेले असतात. दमट हवेत कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, लांबीच्या दिशेने फारच कमी. फीत चुकीच्या अंगाने कापली तर पावसाळ्यात तिची लांबी वाढते आणि भोकांचं माप हळूहळू सरकत जातं. ओळखायची रीत सोपी आहे. कागदाचा चौकोनी तुकडा घ्या, एका बाजूवर ओलं बोट फिरवा. तो वळून नळी होईल. नळी ज्या दिशेने लांब, तेच तंतूंचं अंग. फीत त्याच दिशेने लांब कापायची.

पंचाऐंशी
रविवार, दुपारी १:०५

हे सोनं आहे! काकांना माझा नमस्कार सांगा. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन ओलं बोट फिरवून आलो. मी आडव्या अंगाने कापलीय.

कागदाचं सांगायचं राहिलं. पहिली फीत बिलाच्या मशीनच्या थर्मल रोलवर पाडली होती. तो इतका पातळ की त्यातून उजेड आरपार, वाचकाला सगळीकडे भोकंच दिसायची, प्रत्येक बाइट एफएफ. मग इन्फ्रारेड काढून लाल एलईडी लावले, कारण पांढऱ्या कागदातून इन्फ्रारेड फार सहज जातो. आता काळा कार्डशीट वापरतोय. तो उजेड अडवतो, पण जरा कडक आहे, गुंडाळला की मोडतो.

तारघर
रविवार, दुपारी ३:२०

मी इथे क्वचितच लिहिते, पण हे चित्र बघून राहवलं नाही. माझी अठ्ठावीस वर्षं टेलिप्रिंटरवर गेली. आमची फीत पाच ट्रॅकची, तुमच्या आठ ट्रॅकच्या फितीपेक्षा अरुंद. एका मशीनवर आलेली फीत फाडायची, तिचं टोक बघून ती कुठल्या गावाची ते ओळखायचं आणि त्या गावाच्या मशीनला लावायची. दिवसभर हेच. वाचायला कागदावर छापून यायची वाट कोण बघतंय, फितीवरच वाचायचो. रात्रपाळीला दिवा मंद असला तर अंगठ्याने.

मला तुमचं ८०८५ कळत नाही. पण तुमच्या चित्रात वरून नववी ओळ आणि बारावी ओळ हुबेहूब सारख्या आहेत. मुद्दाम तशा आहेत का?

शून्य_एक
रविवार, दुपारी ३:४५

थांबा थांबा. पंचाऐंशी, लिस्टिंग टाका, प्रोग्रामचे मूळ बाइट.

पंचाऐंशी
रविवार, दुपारी ४:०२

३ई ००
डी३ ०१
३सी
०ई एफएफ
०डी
सी२ ०७ सी०
सी३ ०२ सी०

प्रोग्राम सी००० पासून सुरू होतो. मावशी, तुम्ही पकडलंत! नववी ओळ सी२ हवी होती, मी सी३ पाडलीय. सर्वांत उजवीकडच्या ट्रॅकचं एक भोक जास्त.

शून्य_एक
रविवार, दुपारी ४:१०

आणि म्हणूनच गोठतंय. सी२ म्हणजे शून्य झालं नसेल तरच मागे उडी. सी३ म्हणजे काहीही असो, मागे उडीच. सी रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा) २५५ वरून शून्यावर येतं, पण बाहेर पडायची वाटच नाही, सी००७ या पत्त्यावरच घुटमळत राहतं. दिव्यांवर पहिलाच आकडा ०० गेलेला, म्हणून आठही बंद. एका टिकलीने सगळा प्रोग्राम अडवला. आता मला कळलं कागद का ते.

तारघर
रविवार, दुपारी ४:४०

नवीन फीत पाडायची गरज नाही. आमच्याकडे नेहमी चुका व्हायच्या. भोक पाडता येतं पण बुजवता येत नाही, म्हणून आमच्या संकेतात पाचही भोकं पाडलेल्या ओळीचा अर्थ नुसता "अक्षरं" असा होता. चूक झाली की एक घर मागे यायचं आणि पाचही भोकं पाडायची. छापताना ती ओळ काही न करता निघून जाते.

तुमच्याकडे ते चालणार नाही ना? तुमच्या फितीत सातव्या ओळीत सगळी भोकं आहेत आणि ती खरीच आहेत. तेव्हा ठिगळ लावा. भोक झाकेल एवढा तुकडा, त्याच रंगाचा कागद, सरस अगदी पातळ. वाळला की स्प्रॉकेटचं भोक झाकलं गेलं नाही ना ते बघा.

सरळरेघ
रविवार, संध्या. ६:१५

मावशींच्या मुद्द्याला जोडून. अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या संगणकाच्या ॲस्की संकेतातही हेच आहे. सातही बिट १ असलेला १२७ हा आकडा "डिलीट" का, तर फितीवर चुकलेलं अक्षर सगळी भोकं पाडून रद्द करता यावं म्हणून. आणि शून्य म्हणजे "काही नाही", कारण कोऱ्या फितीवर एकही भोक नसतं. आजही आपल्या कीबोर्डवरच्या डिलीटमागे ती फीत आहे.

पंचाऐंशी, तुम्ही थेट बाइट पाडताय म्हणून ही सोय तुम्हाला मिळत नाही. त्याऐवजी प्रत्येक बाइटाचे दोन हेक्स आकडे ॲस्कीत पाडा. इंटेल हेक्स फॉरमॅट कागदी फितीच्याच काळातला आहे. प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते, मग बाइटांची संख्या, पत्ता, प्रकार, डेटा आणि शेवटी चेकसम. फीत दुप्पट लांब होईल, पण चुकलेलं अक्षर तिथल्या तिथे पुसता येईल. आठ केबीची पूर्ण मेमरी थेट पाडली तर ६८ फूट, हेक्समध्ये १३६ च्या वर.

निदान चेकसम तरी घालाच. सगळ्या बाइटांची बेरीज करायची, खालचे आठ बिट घ्यायचे, आणि त्यात जे मिळवलं की शून्य होतं तो बाइट शेवटी पाडायचा. वाचकाने सगळं मिळवून शून्य आलं नाही तर ओरडायचं. चेकसम मात्र लिस्टिंगवरून काढा, पाडलेल्या फितीवरून काढू नका, नाहीतर चूकही त्यात मिसळून जाईल.

जुनं_ते
रविवार, रात्री ८:००

वाचनखूण साठवली. एक भर घालतो. घरी बनवलेली फीत म्हटलं की मला कोनराड त्सूझे आठवतो. १९३६ ते १९३८ मध्ये बर्लिनमध्ये आईवडिलांच्या घरातल्या खोलीत त्याने झेड१ नावाचं गणकयंत्र उभं केलं, पत्र्याच्या पट्ट्या कापून. प्रोग्रामसाठी त्याने सिनेमाच्या टाकाऊ ३५ मिमी फिल्मवर भोकं पाडली. १९४१ च्या झेड३ लाही तीच फिल्म. फिल्म दमट हवेत कागदासारखी फुगत नाही, सहज फाटत नाही, आणि कडेची भोकं आयती मिळतात. पंचाऐंशी, घरात जुने एक्स-रे असतील तर त्यांच्या काळ्या भागाच्या पट्ट्या कापून बघा.

आणि आपल्याकडेही कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाला प्रोग्राम कागदी फितीवरूनच दिले जात. मेमरी फेराइट कोअरची (चुंबकीय कड्यांची), ४० बिटांचे शब्द.

मिऱ्याबंदर
सोमवार, सकाळी ७:३०

मी जरा वेगळ्या वाटेचा. मी चुंबकीय फीत घरी करून बघतोय, मे महिन्यापासून. मजकूर इथेच टाकतो, नवा धागा काढत नाही.

१९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन माणसाने कागदाच्या पट्टीवर लोखंडाच्या संयुगाची भुकटी चिकटवून पहिली चुंबकीय फीत केली. मला वाटलं, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी रेती पायाखाली आहे, लोहचुंबक फिरवला की त्याला दाढी फुटते. त्यात मॅग्नेटाइट असतं. ती कुटली, चाळली, सरसात कालवून पट्टीवर लावली. जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड फळीवर बसवून त्यावरून पट्टी ओढली. नुसती खरखर. आणि दहा वेळा ओढल्यावर हेडवर ओरखडे. कण फार मोठे होते. टेपच्या नेहमीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंमी, २४०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर जेमतेम २० मायक्रॉन जागेत मावते. वाळूचा एकच कण तेवढा किंवा त्याहून मोठा. त्यावर काय लिहिणार?

मग गेरू आणला. कण अगदी मऊ, लावायला सुरेख. पण आवाज शून्य. तेव्हा वाचलं आणि कळलं की गेरूत किंवा लाल कोब्याच्या रंगात जे असतं ते हेमॅटाइट. रसायन तेच, लोखंड आणि ऑक्सिजन, पण रचना वेगळी, म्हणून चुंबकत्व जवळजवळ नाहीच. कॅसेटची तपकिरी फीत तशीच दिसते, पण तिच्यात गॅमा प्रकारचं ऑक्साइड असतं.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानात फरशीच्या रंगाचा काळा ऑक्साइड मिळाला. दुकानातच कागदावर चिमूटभर घेऊन खालून लोहचुंबक फिरवला. भुकटी उभी राहिली आणि चुंबकामागे चालू लागली. (काही दुकानांत काळा म्हणून काजळी देतात, ती हलत नाही. चुंबक खिशात घेऊनच जा.) हा रंग मॅग्नेटाइटच असतो, आणि कण मायक्रॉनहूनही बारीक. फ्रेंच पॉलिशमध्ये कालवला, प्रोजेक्टरच्या प्लास्टिक शीटच्या दोन फुटी पट्टीवर ब्रशने लावला, वाळल्यावर गुळगुळीत कागदाने घासला. आणि चौपट वेगाने, सेकंदाला १९ सेंमी, ओढला, म्हणजे लाटेला चौपट जागा मिळते.

१२०० हर्ट्झचा सूर परत ऐकू आला. माझ्याच हातांनी केलेल्या पट्टीवरून. खरखरीच्या मागे, पण स्पष्ट. बायकोला हाक मारून ऐकवला. २४०० अजून फार पुसट येतोय.

सरळरेघ
सोमवार, सकाळी ८:१०

वा! १२०० आणि २४०० निवडलेत म्हणजे कॅन्सस सिटीचा संकेत डोक्यात आहे ना? १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये बाइट मासिकाने कॅन्सस सिटीत बैठक घेऊन ठरवलेला. शून्यासाठी १२०० च्या चार लाटा, एकासाठी २४०० च्या आठ, वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३०० बिट. तुमच्या दोन फुटी पट्टीवर १९ च्या वेगाने तीन सेकंद मिळतात. पंचाऐंशींच्या चौदा बाइटना अर्धा सेकंद पुरतो. २४०० पुसट येत असेल तर हेडचा कोन तपासा. बाजूच्या स्प्रिंगच्या स्क्रूने तो बदलतो, आवाज सर्वांत खणखणीत येईल तिथे थांबायचं. पट्टी हेडला घट्ट टेकलीय ना तेही बघा, बारीक लाटांना केसाएवढी फटही खपत नाही.

कॅसेटवाला
सोमवार, सकाळी ९:२५

+१ कोनाबद्दल. माझ्याकडे १९८८ पासून डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकलेला. ४८ केबीचा गेम चढायला पाच मिनिटं, आणि दर दुसऱ्या कॅसेटला पेचकसाने तो स्क्रू फिरवायचा. आजही मी आखूड कॅसेट घरीच करतो: स्क्रूची कॅसेट उघडायची, फीत हवी तेवढी कापायची, टोकाला मूळचा पारदर्शक तुकडा जोडायचा. सी-६० मध्ये जवळजवळ ८६ मीटर फीत असते, एका प्रोग्रामला पंधरा-वीस मीटर पुरे. जोड तिरपा कापा, आणि साध्या चिकटपट्टीने जोडू नका, तिचा गोंद कडेने बाहेर येऊन हेडला लागतो.

चकती
सोमवार, सकाळी ११:००

फ्लॉपीवाल्यांसाठी एक सूचना, कारण यात खूप जण फसतात. साडेतीन इंची १.४४ एमबीची फ्लॉपी कोपऱ्यातलं भोक झाकून ७२० केबीची म्हणून बऱ्यापैकी चालते. सव्वापाच इंची १.२ एमबीची मात्र ३६० केबीची म्हणून करू नका. तिच्या थराला चुंबकायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो, जुन्या ड्राइव्हचं हेड तेवढा देत नाही. आज लिहिलेलं उद्या वाचता येत नाही.

पंचाऐंशी
सोमवार, रात्री ९:३०

मंडळी, दिवे पळतायत!

मावशींनी सांगितलं तसं ठिगळ लावलं. काळ्या कागदाचा २ मिमीचा तुकडा, सुईच्या टोकावर उचलून. फीत वाळेपर्यंत वाचकाची दुसरी खोडही काढली. हात थबकला की कधीकधी एकच ओळ दोनदा वाचली जायची. स्प्रॉकेटच्या भोकाची कड सेन्सरवर अर्धवट थांबते आणि सिग्नल थरथरतो. मध्ये एक श्मिट ट्रिगर (थरथरता सिग्नल स्वच्छ करणारी चिप), ७४एलएस१४, घातला. आता कितीही सावकाश ओढा, एक भोक म्हणजे एकच ठोका. यातच मला कळलं की स्प्रॉकेटचं भोक बारीक का ठेवतात. त्याचा उजेड पडतो तेव्हा शेजारची मोठी भोकं आधीच पूर्ण उघडलेली असतात, म्हणून त्या क्षणी बाइट उचलला की तो पक्का. आणि ठोका फितीतूनच येतो, त्यामुळे काकांनी सांगितलेली लांबीतली वाढ माझ्या वाचकाला फारशी बाधत नाही. दात्यांच्या चाकाने ओढणाऱ्या यंत्राला मात्र नक्की बाधेल. तरी नवीन फिती मी आता योग्य अंगानेच कापतोय.

चेकसमही घातला. चौदा बाइटांची बेरीज १३९८, खालचे आठ बिट हेक्समध्ये ७६, म्हणून पंधरावी ओळ ८ए:

●○○○●·○●○

वाचकाने सगळं मिळवून शून्य दाखवलं. मग मुद्दाम ठिगळ काढून पुन्हा वाचली, तर डिस्प्लेवर ०१ आला. जास्तीचं एक भोक, जास्तीचा एक. ठिगळ परत लावलं. वरचा दिवा सेकंदाला तीनेक वेळा लुकलुकतोय, किट बंद करून चालू केलं तरी पाच सेकंदांत फीत ओढून परत तिथेच.

जुनं_ते, आईचा २००४ चा एक्स-रे सापडलाय, उद्या कापतो. मिऱ्याबंदर, २४०० ऐकू आला की आधी इथे लिहा. तारघर मावशी, पत्ता खाजगी निरोपात कळवाल का? ही पहिली फीत तुमच्याकडे पाठवायचीय.

सोलापुरी_माग
मंगळवार, सकाळी ८:४५

वडील विचारतायत, ठिगळाला सरस कोणता लावला. त्यांच्याकडे कार्डं दुरुस्त करायला खळ वापरायचे, मैद्याची, त्यात थोडा मोरचूद. कीड लागत नाही. मोरचूद विषारी आहे, हात धुवा आणि मुलीला त्या खळीपासून लांब ठेवा.

तारघर
शनिवार, सकाळी ११:१५

पाकीट काल मिळालं. जेवण झाल्यावर खिडकीशी बसले आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. पाच ट्रॅकची सवय, त्यामुळे पहिल्या खेपेला बाहेरचे तीन ट्रॅक सुटले. दुसऱ्या खेपेला पंधराही ओळी लागल्या. नवव्या ओळीतलं ठिगळ बोटाला किंचित उंच लागतं, पण भोक नीट मिटलंय.

पुढची फीत लांब पाडाल तेव्हा सुरुवातीला हातभर कोरी सोडा, नुसती स्प्रॉकेटची भोकं. धरायला काहीतरी लागतं.